चाचा रामगुलाम आणि त्यांचे प्रतिस्पर्धी

आमच्या शेजारची एक मुलगी मध्यंतरी मॉरिशसला जाऊन आली आणि येताना तिने तिकडच्या काही नोटा व नाणी आठवण म्हणून आणली. नोटेवर इंग्रजीखाली तमिळ आणि त्याखाली देवनागरी अक्षरे पाहून मला प्रथम गंमत वाटली. मग लक्षात आले की, आपल्याकडे जसा सर्व नोटांवर एकच चेहरा असतो तसा तेथे नाही. पंचवीस रुपयांच्या नोटेवर आ-चूएन हे चिनी व्यापारी, पन्नासाच्या नोटेवर पातुरो हे फ्रेंच वंशाचे गृहस्थ, शंभराच्या नोटेवर सीनिवासन हे तमिळ बॅरिस्टर, दोनशेच्या नोटेवर अब्दुल रझाक महंमद हे मुसलमानांचे पुढारी, पाचशेच्या नोटेवर सुखदेव विष्णुदयाल, हजाराच्या नोटेवर क्रिओल लोकांचे लाडके नेते गाएतां द्यूवाल आणि दोन हजारांच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या नोटेवर सर शिवसागर रामगुलाम. नाण्यांवर मात्र १९८७ पासून एकटे रामगुलाम.

हे सात जण म्हणजे एका घरचे लोक नव्हेत. यांतील विष्णुदयाल आणि द्यूवाल यांनी रामगुलामांशी वर्षानुवर्षे उभा दावा मांडला होता. द्यूवाल यांच्या अनुयायांनी तर भारतीय वंशाच्या माणसाचे राज्य आम्हांस नको अशा घोषणा देत निवडणूक लढविली होती. महंमद हे आधी विरुद्ध गोटात होते, मागाहून मित्र झाले. एवढी सगळी मंडळी एकाच खिशात सुखाने नांदताना पाहून मला या रामगुलामांचे चरित्र पुन्हा एकदा नीट वाचावेसे वाटले. (नोटांवर मी उगाच एक मराठी चेहराही शोधला. तो नाही. बाईचा चेहराही नाही.)

मॉरिशस हे मादागास्करच्या पूर्वेस असलेले बेट. क्षेत्रफळ गोव्याच्या जवळपास निम्मे. तेथे मूळ रहिवासी असे कोणी नव्हतेच. जे आले ते सारे बाहेरून आले, कोणी मालक म्हणून, कोणी गुलाम म्हणून. फ्रेंचांनी उसाचे मळे वसविले व त्यासाठी आफ्रिका आणि मादागास्कर येथून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले खरे, पण मळे, कायदे आणि भाषा फ्रेंचांचीच राहू दिली. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली आणि मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे हात पसरला. पुढच्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसे गिरमिटावर अंगठा उठवून तेथे गेली. बहुतेक कलकत्त्याच्या बंदरातून, म्हणजे बिहारकडची. त्यांच्या खालोखाल मद्रासकडून तमिळ व तेलुगू. आणि थोडी मुंबईहून, म्हणजे आपल्या कोकणातली, त्यातही रत्नागिरीकडची. मुंबई बंदरातून आलेले म्हणून या मराठी माणसांना तेथे बंबईये म्हणत. त्यांचे वंशज आजही गणपती बसवितात आणि गणेश चतुर्थीची तेथे सरकारी सुट्टी असते. पण लोकसंख्येत त्यांचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास.

आम्हां बडोदेकरांचा या बेटाशी आणखी एक धागा आहे. गांधीजी १९०१ साली दक्षिण आफ्रिकेतून परतताना तेथे काही दिवस थांबले होते. मजुरांची अवस्था त्यांनी पाहिली आणि पुढे १९०७ मध्ये त्यांच्या प्रेरणेने एक तरुण बॅरिस्टर तेथे गेला. ते मणिलाल डॉक्टर. जन्म आमच्या बडोद्याचा. त्यांनी मजुरांचे खटले चालविले, हिंदुस्थानी नावाचे पत्र काढले आणि मळ्यांवरच्या माणसांना प्रथमच असे दाखवून दिले की, कोर्टात आपल्या बाजूनेही कोणी उभा राहू शकतो. ते तेथे चारच वर्षे होते. त्या वेळी रामगुलाम दहा-अकरा वर्षांचे पोर होते.

रामगुलामांचा जन्म १८ सप्टेंबर १९०० चा, बेल रीव्ह नावाच्या खेड्यात. वडील मोहित हे १८९६ साली बिहारमधून गिरमिटिया म्हणून आले तेव्हा अठरा वर्षांचे होते. पुढे ते एका साखरमळ्यावर मुकादम झाले. मुलाचे घरातले नाव केवल. संध्याकाळी गावच्या बैठकीत, म्हणजे हिंदी शिकविणाऱ्या गावशाळेत, आणि दिवसा मिशनऱ्यांच्या शाळेत असे त्याचे शिक्षण सुरू झाले. सात वर्षांचा असताना वडील गेले. बाराव्या वर्षी गोठ्यात अपघात होऊन डावा डोळा गेला. मजुराच्या विधवेचा एक डोळ्याचा मुलगा, एवढीच त्या वेळी त्याची ओळख. एका नातलगाने त्याला क्यूरपीप या शहरात आपल्या घरी ठेवून घेतले आणि तेथल्या रॉयल कॉलेजात गोऱ्या व क्रिओल मुलांच्या शेजारी बसून तो इंग्रजी व फ्रेंच शिकला. या दोन भाषांवरील त्यांची हुकमत पुढे त्यांच्या शत्रूंनाही मान्य करावी लागली.

१९२१ मध्ये ते वैद्यकी शिकावयास लंडनला गेले आणि तब्बल चौदा वर्षांनी परतले. वैद्यकीला इतकी वर्षे लागत नाहीत हे उघड आहे. पण लंडनमधल्या हिंदी विद्यार्थ्यांच्या चळवळी, काँग्रेसचे तेथील काम, फेबियन समाजवाद्यांच्या बैठका, नाटके, पुस्तके यांत ते पार बुडाले होते. गोलमेज परिषदेच्या वेळी गांधीजी तेथे आले तेव्हा रामगुलाम त्यांना भेटले. या चौदा वर्षांत त्यांनी एक गोष्ट आत्मसात केली असावी असे मला वाटते. ती म्हणजे वाट पाहण्याची सवय. त्यांचे पुढचे सारे राजकारण त्या एका सवयीवर उभे आहे.

१९३५ मध्ये ते परतले तेव्हा बेट धुमसत होते. दुसऱ्याच वर्षी डॉ. मोरिस क्यूरे या क्रिओल डॉक्टराने मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ मध्ये मळ्यांवर संप झाले आणि गोळीबारात माणसे मेली. १९४३ मध्ये बेल व्ह्यू येथे पुन्हा गोळी चालली आणि अंजलाय नावाची गर्भवती मजूर स्त्री ठार झाली. हे सारे घडत असताना रामगुलाम दवाखाना चालवीत होते, ॲडव्हान्स या नव्या दैनिकात लिहीत होते आणि १९४० पासून गव्हर्नरचे नियुक्त सभासद म्हणून कायदेमंडळात बसत होते. मजूर पक्षात ते मागाहून आले. हे ध्यानात ठेवले पाहिजे, कारण पक्ष उभा केला तो क्यूरे, आंकतिल, रोझमों या क्रिओल पुढाऱ्यांनी. आणि त्यांनी तो उभा केला तो वंशाच्या नावाने नव्हे, पोटाच्या नावाने. बंदरावरचा क्रिओल हमाल आणि मळ्यातला हिंदू मजूर एका झेंड्याखाली यावेत ही क्यूरे यांची मूळ कल्पना होती.

ती फार दिवस टिकली नाही. याचे कारण कोणा एकाचा दुष्टपणा नव्हे. कारण होते मतदान. जुन्या कायद्याने मताचा हक्क मालमत्तेवर असे. तेव्हा सबंध बेटावर मतदार होते सुमारे बारा हजार. १९४७ च्या नव्या घटनेने बेटावरच्या कोणत्याही एका भाषेत साधे लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढास मत दिले. गावोगावच्या बैठका एकाएकी गजबजल्या. पंडित वासुदेव विष्णुदयाल आणि त्यांचे धाकटे बंधू सुखदेव यांच्या जनआंदोलनाने रात्रीच्या वर्गांत हजारो मजुरांना सही करावयास शिकविले. मतदार सत्तर हजारांवर गेले आणि १९४८ च्या निवडणुकीत निवडून आलेल्या एकोणीस जणांत अकरा हिंदू निघाले. मुसलमान एकही नाही. गव्हर्नरने तराजू सारखा करण्यासाठी बारा सभासद नेमले, ते बहुतेक सनातनी नि मळेवाल्यांच्या बाजूचे.

त्या दिवसापासून बेटावरचा प्रत्येक माणूस डोकी मोजू लागला. हिंदू निम्म्याहून अधिक. म्हणजे प्रौढ मतदान आले की राज्य हिंदूंचे, हा हिशेब शाळेतल्या पोरालाही येत होता. फ्रेंच मळेवाल्यांना तो उमगला आणि त्यांनी क्रिओल मध्यम वर्गाला भीती घालावयास सुरुवात केली. या पक्षाचे नाव आधी राल्लिमां, १९५५ नंतर पार्टी मॉरिसियें, पुढारी ज्यूल कोनिग. मुसलमानांनी महंमद यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आपली कृती समिती काढली. सुखदेव विष्णुदयाल यांनी १९५८ मध्ये आपला निराळा फॉरवर्ड ब्लॉक काढला, आणि तो हिंदूंमध्येच रामगुलामांना आव्हान देऊ लागला. खेड्यातला साधा हिंदू विष्णुदयालांच्या मागे होता. त्याला रामगुलाम म्हणजे इंग्रजी पोशाखातले, गव्हर्नरच्या मेजवानीला जाणारे डॉक्टर वाटत. मजूर पक्षाचे रोझमों १९५६ मध्ये आणि सीनिवासन १९५८ मध्ये गेले. पक्ष रामगुलामांच्या हातात आला, पण तोवर तो मजुरांचा कमी आणि हिंदूंचा अधिक असा झाला होता.

येथे दुसरा कोणी असता तर त्याने हिंदूंचीच मोट बांधून निवडणूक जिंकली असती. संख्या होती. रामगुलामांनी तसे केले नाही. प्रत्येक निवडणुकीआधी त्यांनी कोणाशी तरी हातमिळवणी केली. १९५९ मध्ये सर्व प्रौढांना मताचा हक्क मिळून पहिली निवडणूक झाली तेव्हा महंमद यांची कृती समिती त्यांच्याबरोबर होती, आणि चाळीस जागांत पार्टी मॉरिसियेंला अवघ्या तीन मिळाल्या. १९६१ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. १९६३ मध्ये मजूर पक्षाला चाळिसांत एकोणीसच जागा मिळाल्या. त्यांनी विरोधकांसकट सर्वांना मंत्रिमंडळात घेतले. विष्णुदयाल मंत्री, महंमद मंत्री, कोनिगही मंत्री! एकमेकांच्या सभा उधळणारी माणसे एका टेबलाभोवती बसली. या मंत्रिमंडळाच्या बैठकीत काय गंमत होत असेल याची कल्पना करून मला अनेकदा हसू आले आहे.

हसू येते, पण बाहेरची परिस्थिती हसण्याजोगी नव्हती. लोकसंख्या झपाट्याने वाढत होती, ऊस सोडून दुसरे पीक नव्हते आणि स्वातंत्र्य जवळ येऊ लागले तसतशी क्रिओल वस्त्यांत भीती पसरत होती. याच सुमारास कोनिग यांच्या जागी गाएतां द्यूवाल पुढे आले. हा बॅरिस्टर देखणा, रंगेल, वक्ता पट्टीचा. घोड्यावर बसून मिरवणुकीत येई. क्रिओल गरिबांना तो राजासारखा वाटे, आणि त्यालाही तसे वाटून घ्यावयास आवडे. स्वातंत्र्य नको, इंग्लंडशी जोडून राहू, हा त्याच्या पक्षाचा आग्रह होता. १९६५ च्या मे महिन्यात हिंदू व क्रिओल यांच्यात दंगली झाल्या आणि इंग्रजांना सैन्य आणावे लागले.

त्याच सप्टेंबरात लंडनला लँकेस्टर हाउसमध्ये परिषद भरली. रामगुलामांच्या आयुष्यातली सर्वांत वादग्रस्त घटना येथलीच. मॉरिशसच्या ईशान्येस हजाराहून अधिक मैलांवर चागोस नावाचा द्वीपसमूह मॉरिशसच्याच कारभाराखाली होता. त्यातल्या दिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता, आणि इंग्लंडला तो द्यावयाचा होता. २३ सप्टेंबरच्या सकाळी पंतप्रधान विल्सन यांनी रामगुलामांना एकट्याला बोलावून घेतले. विल्सन यांच्या हाती त्यांच्या कचेरीने आधीच एक टिपण दिले होते. पाहुण्याला आशाही दाखवा आणि धाकही घाला, असा त्याचा मथितार्थ. विल्सन यांनी तेच केले. आपण येथून स्वातंत्र्य घेऊनही परत जाऊ शकता, न घेताही जाऊ शकता, अशा आशयाचे ते बोलले आणि चागोस दिलेले बरे असे सुचविले. विक्रीऐवजी भाडेपट्टा असावा, साखरेचा भाव व कोटा वाढवून मिळावा, अशी रामगुलामांची खटपट होती. त्यातले फारसे काही पदरात पडले नाही. तीस लाख पौंडांवर सौदा झाला आणि नोव्हेंबरात चागोस तोडून निराळी वसाहत केली गेली.

त्यांनी मान तुकविली ती भीतीने, लोभाने की दुसरा मार्ग नव्हता म्हणून, यावर मॉरिशसमध्ये अजून वाद होतो. माझे मत विचाराल तर, घरात चार भाऊ भांडत असताना वाटणीचा कागद ज्याच्या हाती असतो त्या परक्यापुढे थोरल्या भावाची जी अवस्था होते ती त्यांची झाली होती. इंग्रज उठून गेला नसता तर द्यूवाल यांचे म्हणणे खरे ठरले असते. आणि सार्वमत घेतले गेले असते तर निकालाची खात्री नव्हती. हे सारे विल्सन यांना ठाऊक होते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये मत दिले की, तो तुकडा तोडण्यास लोकांची खरी संमती नव्हती आणि म्हणून ती कृती बेकायदा होती. पण रामगुलामांची सुटका त्याने पूर्ण होत नाही. चागोसवरून हाकलून दिलेले सुमारे दीड हजार लोक, बहुतेक क्रिओल, पोर्ट लुईसच्या झोपडपट्ट्यांत येऊन पडले. त्यांच्यासाठी इंग्रजांनी १९७२ मध्ये साडेसहा लाख पौंड मॉरिशस सरकारला दिले. ते त्या माणसांच्या हाती पडावयास १९७७-७८ उजाडले. तेव्हा सरकार रामगुलामांचे होते. त्या लोकांच्या मागे मते नव्हती, एवढेच मला त्याचे कारण दिसते.

परिषदेत अल्पसंख्याकांनी हमी मागितली होती. महंमद तर राखीव जागांवाचून ऐकावयास तयार नव्हते. मग १९६६ मध्ये बॅनवेल यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग आला. त्याच्या शिफारशींवर रामगुलाम, महंमद व विष्णुदयाल तिघेही चिडले. मग स्टोनहाउस नावाचे ब्रिटिश मंत्री येऊन तडजोड करून गेले. (हेच ते स्टोनहाउस, ज्यांनी १९७४ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावर कपडे ठेवून आपण बुडालो असे सोंग केले आणि पुढे ऑस्ट्रेलियात जिवंत सापडले. पण त्यांची तडजोड मात्र बुडाली नाही.) ती अशी. बेटाचे वीस मतदारसंघ, प्रत्येकातून तीन सभासद, रॉड्रिग्ज बेटाचे दोन, एकूण बासष्ट. यावर आणखी आठ जागा पराभूत उमेदवारांतून भरावयाच्या. प्रत्येक उमेदवाराने अर्जावर आपला समाज लिहावयाचा: हिंदू, मुसलमान, चिनी किंवा उरलेले सर्वसाधारण लोक. ज्या समाजाला लोकसंख्येच्या मानाने जागा कमी पडल्या असतील त्याचा, हरलेल्यांत सर्वांत वर असलेला उमेदवार आत घ्यावयाचा. पहिल्या चार जागा पक्ष न पाहता, नंतरच्या चार पक्षांचा तोल बिघडणार नाही अशा बेताने. याला बेस्ट लूझर पद्धत म्हणतात.

या पद्धतीत निराळे मतदारसंघ नाहीत. हिंदू उमेदवाराला मुसलमानाच्या दारी जावेच लागते, हा तिचा मोठा गुण. आपल्याकडे १९०९ मध्ये जे विभक्त मतदारसंघ आले नि त्यातून पुढे जे झाले ते रामगुलामांनी लंडनमध्ये बसून पाहिले होते. त्यामुळे त्या एका मागणीला ते कधीच वश झाले नाहीत. पण दोषही तेवढाच मोठा. माणसाने आपण कोण हे सरकारी कागदावर चार शब्दांपैकी एका शब्दात लिहावयाचे! आमच्या मराठी बांधवांनी, तसेच तमिळ आणि तेलुगू लोकांनी काय लिहावे? घटनेच्या हिशेबी ते सारे हिंदू. धर्माने आहेतच, पण बेटावरच्या बोलण्यात हिंदू म्हणजे बिहारकडचा, हिंदीवाला असा अर्थ रूढ आहे, आणि त्यामुळे या तिन्ही समाजांना मोठ्या थाळीतल्या लहान वाटीसारखे वाटत राहते. मोठ्या समाजाच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हां लोकांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

७ ऑगस्ट १९६७ ला निवडणूक झाली. मजूर पक्ष, विष्णुदयाल आणि महंमद एकीकडे, द्यूवाल दुसरीकडे. बासष्टांत एकोणचाळीस जागा स्वातंत्र्यवाद्यांना मिळाल्या, तेवीस द्यूवाल यांना. पण मतांचा हिशेब पाहिला तर शंभरातल्या चव्वेचाळीस माणसांनी स्वातंत्र्याच्या विरुद्ध कौल दिला होता. १९६८ च्या जानेवारीत पोर्ट लुईसमध्ये क्रिओल व मुसलमान यांच्यात भयंकर दंगल उसळली. एका टोळीचे नाव टेक्सास, दुसरीचे इस्तंबूल. पंचवीसहून अधिक माणसे मारली गेली. एकमेकांत मिसळून राहणारी घरे रातोरात रिकामी झाली. क्रिओल एका भागात, मुसलमान दुसऱ्या भागात असे गाव विभागले गेले. ब्रिटिश पलटण पुन्हा आली. समारंभाला येणार होती ती राजकन्या आली नाही. १२ मार्च या तारखेला, गांधीजींच्या दांडी यात्रेचा दिवस म्हणून मुद्दाम निवडलेल्या त्या तारखेला, शां द मार्सच्या मैदानावर नवा झेंडा चढला. क्रिओल मध्यम वर्गातली कितीतरी कुटुंबे त्याआधीच ऑस्ट्रेलियाच्या बोटीत चढली होती.

आता रामगुलामांचा सर्वांत चकित करणारा डाव. राज्य हाती आल्यावर दीड-पावणेदोन वर्षांतच त्यांनी द्यूवाल यांना मंत्रिमंडळात घेतले आणि परराष्ट्रमंत्री केले. ज्याने त्यांच्या राज्याविरुद्ध अर्धे बेट उठविले, त्याला जगभर त्यांचे प्रतिनिधी म्हणून पाठविले! विष्णुदयाल संतापून विरोधी बाकांवर गेले. हेतू उघड होता. क्रिओलांना वाटावे की सरकारात आपलेही कोणी आहे. मळेवाल्यांनी पैसा बाहेर नेऊ नये. ते बऱ्याच अंशी साधले. १९६८ नंतर तशी दंगल रामगुलामांच्या हयातीत पुन्हा झाली नाही, हे श्रेय त्यांच्यापासून कोणास हिरावून घेता येणार नाही.

पण या हातमिळवणीची किंमतही त्यांनी ठरविली होती आणि ती मतदाराकडून वसूल केली. निवडणूक पुढे ढकलून १९७६ वर नेली. सगळेच सरकारात शिरल्यावर विरोध करणार कोण? तो तरुणांनी केला. पॉल बेरांझे या फ्रेंच वंशाच्या मुलाने मित्रांसह १९६९ मध्ये नवा पक्ष काढला आणि वंश नको, वर्ग पाहा असे सांगावयास सुरुवात केली. म्हणजे क्यूरे यांचीच जुनी गोष्ट. १९७० मध्ये रामगुलामांच्या स्वतःच्या मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि तेथे या पोरांचा उमेदवार, देव विरासामी नावाचा तेलुगू वंशाचा तरुण, निवडून आला. चाचांना हा घाव झोंबला. पुढच्या वर्षी गोदी कामगारांचे संप झाले तेव्हा त्यांनी आणीबाणी पुकारली, या पक्षाच्या पुढाऱ्यांना तुरुंगात घातले, वृत्तपत्रांवर बंधने आणली. लंडनच्या समाजवाद्यांत चौदा वर्षे वावरलेल्या माणसाने हे करावे याचे मला वाईट वाटते.

तरी १९७६ मध्ये त्यांनी निवडणूक घेतली, अठरा वर्षांच्या मुलांना मत दिले आणि प्रचारात माध्यमिक शिक्षण फुकट करण्याचे वचन दिले. ते त्यांनी लगेच पाळलेही. बेरांझे यांच्या पक्षाला चौतीस जागा, मजूर पक्षाच्या आघाडीला अठ्ठावीस, द्यूवाल यांना आठ. चाचांनी पुन्हा द्यूवाल यांना जवळ केले आणि छत्तीस सभासदांवर राज्य टिकविले. याआधीच्या वर्षी, १९७५ च्या जानेवारीत, नागपूरला पहिले विश्व हिंदी संमेलन भरले तेव्हा ते प्रमुख पाहुणे म्हणून आले होते. महाराष्ट्रात हिंदीचे संमेलन, आणि पाहुणा भोजपुरी घरातला, ज्याचे बेट क्रिओल बोलते, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये वाचते नि कायदे इंग्रजीत करते.

१९८२ च्या जूनमध्ये मात्र सारे संपले. बेटावरच्या साठांपैकी साठ जागा विरोधकांनी जिंकल्या. मजूर पक्षाचा एकही उमेदवार निवडून आला नाही. चाचा स्वतः आपल्या जुन्या मतदारसंघात हरले. वय एक्क्याऐंशी. त्यांनी सत्ता निमूटपणे सोडली. त्या काळात नव्याने स्वतंत्र झालेल्या किती देशांत मतपेटीने पदच्युत झालेला पहिला पंतप्रधान सरळ घरी गेला हे मोजू लागले तर एका हाताची बोटे पुरे होतील. जिंकलेल्यांचे आपसांत वर्षभरही पटले नाही; पुन्हा निवडणूक झाली, आणि ज्या अनिरुद्ध जगन्नाथांनी त्यांना हरविले होते त्यांनीच मजूर पक्ष आणि द्यूवाल यांच्याशी हात मिळवून सरकार केले. हे धडे ते कोणाकडून शिकले हे सांगावयास नको. १९८३ च्या डिसेंबरात चाचा गव्हर्नर जनरल झाले आणि रेद्वीच्या त्या जुन्या फ्रेंच वाड्यात, जेथून एके काळी नियुक्त सभासदांच्या याद्या निघत, राहावयास गेले. तेथेच दोन वर्षांनी त्यांचा अंत झाला. पांपलेमूसच्या प्रसिद्ध बागेत त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले; बाग आज त्यांच्या नावाने आहे, विमानतळही. मुलगा नवीन पुढे अनेकदा पंतप्रधान झाला, अगदी २०२४ मध्येही.

समाज विचारणारा प्रश्न जनगणनेतून १९८२ नंतर काढून टाकला गेला. पण त्या आठ जागांचा हिशेब करावयाचा तर आकडे हवेत. म्हणून पुढेही निवडणुकीनंतर १९७२ च्या जनगणनेचेच जुने आकडे काढून बेरजा-भागाकार केले जात राहिले. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने याला आक्षेप घेतला, २०१४ च्या निवडणुकीपुरती घटनेत दुरुस्ती करून समाज लिहिण्याची सक्ती उठविली गेली, आणि पुढच्या निवडणुकीत ती परत आली. शेजारच्या मुलीला मी विचारले की, तेथे तुला कोणी मराठी भेटले का. भेटले म्हणाली, एका देवळात आरती चालली होती, शब्द आपलेच होते, पण नंतर बोलावयास लागली तेव्हा ती माणसे क्रिओलमध्ये बोलली.